नवा लॅपटॉप दोन वर्षांत जुना होऊ नये म्हणून काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं

जून उजाडला, निकाल-ऍडमिशनची गडबड सुरू झाली की मला नातेवाइकांचे फोन यायला लागतात. "अरे लॅपटॉप घेतला, आय५ आहे, चांगला आहे ना?" म्हणजे घेऊन झाल्यावर विचारतात. आणि दोन-अडीच वर्षांनी त्याच घरातून दुसरा फोन, "फार स्लो झालाय रे, आउटडेटेड झाला बहुतेक, आता कुठला घेऊ?" मी विचारतो रॅम, म्हणजे उघडलेली कामं ठेवायची तात्पुरती मेमरी, किती आहे, उत्तर येतं "पाचशे बारा". हा आकडा असतो डिस्कचा.

तर बाजारात नवीन मॉडेल आलं म्हणून तुमचा लॅपटॉप जुना होत नाही. तो जुना होतो जेव्हा त्याला सिक्युरिटी अपडेट यायचं बंद होतं, किंवा रॅम-डिस्क कमी पडते आणि वाढवायची सोयच नसते. या दोन्ही गोष्टी बिल फाटतं त्या दिवशीच ठरलेल्या असतात. लोक बघतात मात्र उलट्या क्रमाने, आधी ऑफर, मग ब्रँड, मग रंग, मग प्रोसेसर "आय५ आहे का", आणि जे नंतर बदलताच येत नाही ते बघायचं राहूनच जातं. म्हणून खालचे टप्पे इथे दिलेल्या क्रमानेच करा, उड्या मारू नका.

तयारी: दुकानात जायच्या आधी एक कागद

कागदावर लिहा की हा लॅपटॉप कोण वापरणार, कशासाठी, आणि किती वर्षं. "शिक्षणासाठी" असं नाही लिहायचं. बीकॉमला टॅली, एक्सेल आणि ब्राउझर लागतं, मेकॅनिकलला तिसऱ्या वर्षापासून कॅड लागतं, आर्किटेक्चरला पहिल्याच वर्षी थ्रीडी सुरू होतं, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाला एका वेळी अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर आणि चाळीस टॅब उघडून बसतो. कॉलेजच्या सीनियरला विचारून शेवटच्या वर्षाचं सॉफ्टवेअर लिहा, पहिल्या वर्षाचं नको. पहिल्या वर्षात सगळ्यांचेच लॅपटॉप चांगले चालतात.

बजेटमधे १० टक्के बाजूला ठेवा, रॅम, बॅग, बाहेरची डिस्क यासाठी. एक्सचेंज ऑफरच्या नादात हे पैसे पहिले उडतात.

टप्पा १: जुना खरंच संपलाय का ते तपासा

नवीन घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांना नवीन लागतच नाही असा माझा अनुभव आहे. जुना चालू करा, पाच मिनिटं काहीही करू नका, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समधे जा.

डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि तिच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय? मग दोष लॅपटॉपचा नाही, फिरत्या हार्डडिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क टाका, बास. माझ्याकडे २०१९ मधे घेतलेला एक होता, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्डडिस्क, विंडोज सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळून व्हायचा. एसएसडी टाकल्यावर तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात चालू व्हायला लागला.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वरच अडकलेली असेल तर रॅम कमी आहे. ती वाढवता येते का ते टप्पा ४ मधे आहे.

डिस्क पण शांत, मेमरी पण शांत, आणि तरी सीपीयू, म्हणजे प्रोसेसर १०० वर, तेही साध्या ब्राउझरला? आधी प्रोसेसेसमधे कुठलं प्रोग्रॅम तो खातंय ते बघा, पंख्यात धूळ बसलीय का बघा. त्यातून काही निघालं नाही तर मग हो, नवीन घ्या.

सावधान: पाठ उघडायच्या आधी चार्जर काढा, पूर्ण बंद करा, आणि आतल्या बॅटरीची पिन आधी सोडवा. स्लीपमधे असलेला लॅपटॉप उघडून रॅम उपटणारे लोक मी पाहिलेत.

टप्पा २: तारखा बघा

हा टप्पा कोणीच करत नाही, आणि "आउटडेटेड" शब्दाचा खरा अर्थ इथेच आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण नेहमीचे सिक्युरिटी अपडेट येत नाहीत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वाढीव योजना ठेवली, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. म्हणजे श्वास घ्यायला थोडा वेळ, एवढंच. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलचा ढोबळमानाने आठव्या जनरेशनपासून पुढचा (जनरेशन म्हणजे पिढी, ती कशी ओळखायची ते टप्पा ३ मधे), आणि एएमडीच्या लॅपटॉपमधे रायझन ३००० सिरीजपासून पुढचे बहुतेक.

तपासा: "टीपीएम नाही" असा मेसेज आला म्हणून लगेच हात टेकू नका. बऱ्याच मशीनमधे ते असतं, फक्त बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे, बंद ठेवलेलं असतं. इंटेलमधे पीटीटी आणि एएमडीमधे एफटीपीएम नावाने शोधा, चालू करा, परत तपासा.

आता हीच तारखेची भानगड सेकंडहँडवाल्यांना जास्त चावते. आपल्याकडे कंपनी कायद्यात लॅपटॉपसारख्या वस्तूचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलंय आणि इन्कम टॅक्समधे कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे ६०,००० चा लॅपटॉप वह्यांमधे तीन वर्षांनी १२,९६० चा उरतो. म्हणून कंपन्या तीन-चार वर्षांनी गठ्ठ्याने लॅपटॉप काढतात आणि तो माल "रिफर्बिश्ड" म्हणून लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत पोचतो. त्यातला चांगला माल खरंच चांगला असतो, मजबूत बॉडी, कीबोर्ड एक नंबर. पण सहाव्या-सातव्या जनरेशनचे लॅपटॉप "आय७, विंडोज ११ टाकून देतो" म्हणून खपवतात. टाकता येतं, जुगाड करून. मात्र या निकषांत न बसणाऱ्या मशीनवर अपडेट येतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. रिफर्बिश्ड घेणार असाल तर आठवीच्या खाली जाऊ नका, खरं म्हणजे दहावीच्या खालीही नको.

मॅकबुकचं पण तसंच. ऍपलने २०२५ च्या जूनमधे सांगून टाकलं की इंटेलवाल्या मॅकसाठी मॅकओएस टाहो हे शेवटचं मोठं व्हर्जन. त्यामुळे स्वस्तात मिळतोय म्हणून इंटेलचा मॅकबुक घेऊ नका, कितीही चकचकीत असला तरी. क्रोमबुक घेणार असाल तर सेटिंगमधे अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख लिहिलेली असते, ती वाचूनच पैसे द्या, कारण ते घड्याळ तुम्ही घेतल्यापासून नाही, ते मॉडेलचा प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून चालू झालेलं असतं.

टप्पा ३: प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा

"आय५ आहे" म्हणजे "गाडी मारुतीची आहे" म्हटल्यासारखं. कुठली? कुठल्या साली आलेली? पूर्ण नाव मागा, आकड्यांसकट. दुकानदार देत नसेल तर डब्यावर असतं.

इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय५-१२३५यू म्हणजे पहिले दोन आकडे १२, बारावी जनरेशन. आय७-७५००यू म्हणजे सातवी. आता हे दोन शेजारी ठेवा: २०१६ चा आय७-७५००यू, त्यात २ कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधे एकाच वेळी काम करणारे भाग). २०२२ चा आय३-१२१५यू, त्यात ६ कोअर. म्हणजे आय३ ने आय७ ला आरामात मागे टाकलं, आणि वर त्या आय७ ला विंडोज ११ पण अधिकृत मिळत नाही. आय३, आय५, आय७ ची तुलना एकाच जनरेशनच्या आत करायची, बाहेर नाही.

नंतर इंटेलने नावंच बदलली. २०२३ च्या शेवटी कोअर अल्ट्रा आले, आणि २०२४ मधे नुसते कोअर ५ १२०यू, कोअर ७ १५०यू असे पण आले. हे "अल्ट्रा" नसलेले दोन्ही नावाने नवे, पण आतून तेराव्या जनरेशनच्याच घराण्यातले. माल वाईट नाही हो, फक्त नवीन पिढीचे पैसे देऊ नका.

एएमडीने तर याच्या वरची गंमत केली. ७००० च्या सिरीजमधे पहिला आकडा वर्षाचा, आणि आतली रचना किती जुनी ते सांगतो तिसरा आकडा. रायझन ५ ७५२०यू मधे तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची. रायझन ५ ७५३०यू मधे ३, म्हणजे झेन ३. रायझन ५ ७६४०यू मधे ४, झेन ४. तिघांवरही स्टिकर "रायझन ५ ७००० सिरीज" असाच, आणि काउंटरवरचा मुलगा तिन्ही "सेम आहे दादा" म्हणून सांगतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं.

शेवटचं अक्षर पण बघा. यू असेल तर बॅटरी जास्त टिकते, एच असेल तर ताकद जास्त, पण गरम होतो आणि वजन वाढतं. सेलेरॉन एन४५०० वगैरे दिसलं तर ते मेल आणि ऑनलाइन क्लासपुरतं, त्यात कॅड टाकायचा विचार करू नका.

माझं मत असं की नवीन लॅपटॉप घेताना एक पिढी मागचा प्रोसेसर घ्यावा, नवीन आला की मागच्याचे भाव पडतात आणि रोजच्या कामात फरक कळत नाही. दोन पिढ्या मागचा घेण्यात काही अर्थ नाही, तिथे वाचलेले पैसे पुढे वर्षं कमी करून परत जातात.

टप्पा ४: रॅम, आणि ती काढता येते का

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा थांबून वाचा.

तो माझा २०१९ चा घेताना दुकानदार म्हणाला होता, "आत्ता चार घ्या साहेब, नंतर वाढवता येते." वर्षभराने आठ जीबीची स्टिक घेऊन आलो, बारा स्क्रू काढले, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने कडेकडेने पाठ उचलली. आत बोर्डवर स्लॉटची जागा होती, दोन्ही बाजूच्या बारीक सोनेरी ठिपक्यांची रांग होती, अगदी मापाची चौकट छापलेली होती. फक्त स्लॉट बसवलेलाच नव्हता. त्याच बोर्डच्या महागड्या मॉडेलला तो असणार. स्टिक परत घ्यायला दुकानदार तयार नाही, कारण पाकीट फोडलेलं.

तर रॅम तीन प्रकारे येते. दोन स्लॉट असतात, किंवा काही रॅम बोर्डला सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा, किंवा सगळीच सोल्डर केलेली. स्पेसिफिकेशनमधे एलपीडीडीआर असं नाव दिसलं तर ती जवळपास नेहमीच सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही. ऍपलच्या एम सिरीजमधे तर प्रश्नच नाही, घेताना जेवढी तेवढीच आयुष्यभर.

तपासायची सोपी युक्ती: डेमो पीसवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी. खाली "स्लॉट्स यूज्ड" लिहिलेलं असतं, त्याखाली "फॉर्म फॅक्टर". तिथे सोडिम असेल तर काढता-घालता येणारी स्टिक आहे, "रो ऑफ चिप्स" असेल तर चिकटवलेली. याच्यावर पूर्ण भरवसा नको, कधी कधी गोंधळ घालतं, म्हणून कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेल नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून मेमरीचं पान बघा. मॉडेल नंबर पूर्ण, शेवटच्या अक्षरासकट, कारण एकाच नावाखाली वेगवेगळे प्रकार विकतात.

मग किती घ्यायची? सोल्डर केलेली असेल तर १६ जीबीच्या खाली घेऊ नका, विषय संपला. मोकळा स्लॉट असेल तर आत्ता ८ चालेल, पण पुढे भर घालायची तयारी ठेवून. विंडोज स्वतः किमान ४ मागतं ते फक्त उभं राहण्यापुरतं. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनसाठी लागणारी मेमरी पण याच रॅममधून कापली जाते, म्हणून ८ लिहिलेलं असलं तरी वापरायला थोडी कमीच मिळते. ऍपलने सुद्धा २०२४ च्या ऑक्टोबरमधे तेव्हाच्या मॅकमधे कमीत कमी १६ करून टाकली, यावरून काय ते समजा.

सावधान: डीडीआर४ च्या स्लॉटमधे डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. स्टिक घेण्याआधी जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो काढून दुकानात न्या.

"एआय पीसी" चा स्टिकर बघून १५-२० हजार जास्त द्यायचे का, हे आता फार विचारतात. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट प्लस हा शिक्का मिळायला ४० टॉप्सचा एनपीयू (एआयच्या कामाची वेगळी चिप, टॉप्स हे तिच्या वेगाचं माप), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी लागते. आयता १६ जीबी रॅमवाला आपल्या बजेटमधे आला तर घ्या, पण नुसत्या शिक्क्यासाठी बजेट ताणू नका.

टप्पा ५: डिस्क आणि बाकीचं

डिस्क एसएसडीच हवी, ५१२ जीबी, आणि शक्यतो एनव्हीएमई, म्हणजे एसएसडीतला जास्त वेगवान प्रकार. २५६ वाला घ्यावाच लागला तर हरकत नाही, ही गोष्ट बहुतेक विंडोज लॅपटॉपमधे नंतर बदलता येते. फक्त ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी (स्वस्त, हळू प्रकारची डिस्क) लिहिलेलं असेल तर हात जोडून पुढे चला. ती बोर्डलाच असते, आणि विंडोजचे अपडेट आले की सहा महिन्यांत "जागा शिल्लक नाही" चालू होतं.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारी) असावी. स्क्रीन बदलायला किती खर्च येतो ते एकदा विचारून बघा म्हणजे कळेल मी हे का सांगतोय. टाइप-सी वरून चार्ज होणारा मिळाला तर उत्तम, चार्जर गेला तर कोणाचाही चालतो, वॅट पुरेसे असले म्हणजे झालं. बिजागरी एका हाताने दोन-तीनदा उघडून बघा, करकर आवाज आला किंवा कोपऱ्यातलं प्लॅस्टिक उचलल्यासारखं दिसलं तर दुसरं मॉडेल.

टप्पा ६: डबा उघडायच्या आधी आणि उघडताना

१. डब्यावरचा स्टिकर वाचा. आपल्याकडे पॅकबंद वस्तूवर एमआरपी आणि बनवल्याचा महिना-वर्ष छापावंच लागतं. दीड-दोन वर्षं जुना दिसला तर तो गोडाऊनमधे पडलेला माल आहे. बॅटरी पण तेवढीच वर्षं पडून आहे. एकतर भाव पाडा नाहीतर दुसरा पीस मागा.

२. सीरियल नंबर डबा, मशीनची पाठ आणि बिल, तिन्हीकडे एकच आहे का.

३. कंपनीच्या साइटवर त्या नंबराची वॉरंटी बघा. बऱ्याचदा ती कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजलेली दिसते. बिल अपलोड करून खरेदीची तारीख लावून घेता येते. हे पहिल्या आठवड्यातच करा, वर्षभराने भांडत बसू नका.

४. ऑनलाइन मागवलाय तर कुरिअरचं पाकीट फोडण्यापासून लॅपटॉप चालू होईपर्यंत एकच सलग व्हिडिओ. मधे कट नको.

५. चालू झाल्यावर आधी टास्क मॅनेजर. प्रोसेसरचं नाव, रॅम, डिस्क, कागदाशी जुळवा. मगच स्टिकर वगैरे काढा.

बिल जीएसटीचं घ्या, सीरियल नंबर छापलेलं. "बिलाशिवाय घेतला तर अठरा टक्के वाचतील" म्हणणाऱ्या माणसाकडे वॉरंटीच्या वेळी तुम्ही जाल तेव्हा तो तुम्हाला ओळखणार नाही.

टप्पा ७: पहिला आठवडा

सगळे अपडेट करून घ्या, दोन-तीनदा रीस्टार्ट होईल, होऊ द्या. सोबत ऑफिस आलं असेल तर त्याच आठवड्यात ऍक्टिव्हेट करा, स्वतःच्या अकाउंटवर, दुकानदाराच्या नाही. हे सांगावं लागतं कारण दुकानदार "सेट करून देतो" म्हणतो आणि स्वतःचाच मेल आयडी टाकतो. आणि ऑफिसचं व्हर्जन बघून घ्या, ऑफिस २०२१ चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.

ट्रायल अँटिव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा पुरतो. कंपनीच्या ऍपमधे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल आणि लॅपटॉप दिवसभर टेबलावर लावूनच असेल तर ती चालू करा.

सावधान: नवीन लॅपटॉपमधे डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, बऱ्याचदा आपोआप चालू असतं. तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की शोधा, कागदावर लिहा, बिलासोबत ठेवा. बायोस अपडेट केला किंवा बोर्ड बदलला की ती की मागू शकतो, आणि नसेल तर डेटा गेला. माझ्या मामेभावाचा सबमिशनच्या आदल्या रात्री असाच गेला, त्याला कोणत्या मेल आयडीने सेट केलं तेच आठवेना.

टप्पा ८: दरवर्षी एक रविवार

सर्चमधे सीएमडी टाइप करून उघडा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं लिहून एंटर मारा. एक फाइल तयार होते, कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांवर आला की बॅटरी बदला. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला तर आकडा काहीही असो, वापरायचं बंद.

पंखा साफ करून घ्या, आपल्या धुळीत वर्षाला एकदा तरी. गरम झालेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि लोक म्हणतात जुना झाला. डिस्कमधे १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. तिसऱ्या वर्षी रॅम भरा. ज्या पिढीची स्टिक तुमच्यात लागते ती बाजारातून जायला लागली की उलट महाग होते, म्हणून पाचव्या वर्षाची वाट बघू नका.

आणि जुना कोणाला देणार असाल, भाच्याला, कामवाल्या मावशींच्या मुलीला, किंवा भंगारात, तर आधी डेटा बाहेर काढा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवरून ते मशीन काढून टाका आणि "रीसेट धिस पीसी" मधे "रिमूव्ह एव्हरीथिंग", त्यात पुढे "क्लीन डेटा" चालू करून. त्याला वेळ लागतो, चार्जर लावून रात्री सोडून द्या.